पाठवणीची तबकडी

मागील अंकात हयातीच्या दाखल्याविषयी लिहिले, त्यावर अनेक वाचकांचे दूरध्वनी आले. त्याच ओघात या वेळी मुदत ठेवींवरील नामनिर्देशनाविषयी लिहावे असे योजिले होते. तो विषय पुढील अंकासाठी राखून ठेवावा लागत आहे, आणि त्याचे कारण घरातलेच आहे.

माझी थोरली बहीण, आमची अक्का, दिवाळीनंतर चार दिवस आमच्याकडे राहावयास आली. येताना तिने रुमालात गुंडाळून एक डीव्हीडी आणली होती. माझ्या भाचीच्या, म्हणजे तिच्या लेकीच्या लग्नाची. डिसेंबर २००४ मधली. दाजींना जाऊन गेल्या वैशाखात वर्ष झाले. त्यांची छायाचित्रे घरात पुष्कळ आहेत, परंतु चालते-बोलते दाजी, त्यांच्या आवाजासह, या एकाच तबकडीत आहेत. कॅमेरा दिसला की बाजूला सरकणारे ते गृहस्थ. घरोघरी मोबाइल आले तरी त्यांनी कोणाला आपले चित्रण करू दिले नाही. लेकीच्या लग्नात मात्र त्यांचा इलाज चालला नसावा.

अक्काच्या घरचा डीव्हीडी प्लेअर केव्हाच भंगारात गेला. नातवाने बाहेरून जोडावयाचा ड्राइव्ह आणून लॅपटॉपवर ती लावून दाखविली, आणि तेव्हापासून अक्काच्या मनाला घोर लागला होता. "अरे, ह्यांनी मान वळवली की चेहऱ्यावर फणी फिरवल्यासारख्या रेघा येतात रे. आणि सगळी माणसं पसरल्यासारखी दिसतात. आपल्या जुन्या टीव्हीवर असं कधी दिसलं नव्हतं. खराब झाली का रे ती?"

मी संगणक अभियंता नव्हे. वाणिज्य शाखेचा पदवीधर, बँकेत छत्तीस वर्षे काढलेला. परंतु शाखेत संगणक आले तेव्हा त्यांना हात लावावयास जे कोणी धजले त्यांत मी होतो, आणि ती खोड निवृत्तीनंतरही गेली नाही. अक्काच्या त्या चार दिवसांत जे करून पाहिले ते येथे लिहितो. ज्यांच्या कपाटात अशा तबकड्या पडून आहेत, त्यांना त्याचा उपयोग व्हावा.

प्रथम त्या रेघा. तबकडीत काहीही बिघडलेले नव्हते. आपल्याकडील डीव्हीडीचे चित्र ७२० बाय ५७६ बिंदूंचे असते आणि सेकंदाला अशी २५ चित्रे येतात. मात्र त्या काळच्या कॅमेऱ्याने प्रत्येक चित्र एकदम टिपलेले नसते. आधी एका आड एक अशा अर्ध्या ओळी टिपावयाच्या आणि सेकंदाच्या पन्नासाव्या भागानंतर उरलेल्या अर्ध्या, अशी ती रीत होती. एकाच लेजरच्या पानावर दोन कारकुनांनी ओळ सोडून ओळ भरावी, आणि दुसऱ्याने पहिल्याच्या मागून लिहावे, तसा हा प्रकार. जुना पेटीसारखा टीव्ही या ओळी त्याच क्रमाने दाखवीत असे, त्यामुळे डोळ्यांना काही खटकत नसे. संगणकाचा पडदा मात्र सगळ्या ओळी एकाच वेळी दाखवितो. माणूस स्थिर असेल तर दोन्ही अर्ध्यांचा मेळ बसतो. त्याने मान वळविली की बसत नाही, आणि कडांना फणीचे दाते दिसू लागतात.

यावर उपाय करणाऱ्या सोयीला डीइंटरलेसिंग म्हणतात, आणि ती बहुतेक चांगल्या प्लेअरमध्ये असते. मी व्हीएलसी वापरतो. विंडोज ८ पासून पुढे डीव्हीडी चित्रफीत लावण्याची सोय विंडोजबरोबर आपोआप येत नाही, त्यामुळे असा एखादा प्लेअर घ्यावाच लागतो. व्हीएलसी विनामूल्य आहे; पॅरिसच्या एकोल सेंट्राल या संस्थेतील विद्यार्थ्यांच्या प्रकल्पातून तो जन्मला, आणि रस्त्यावर ठेवतात तसला नारिंगी-पांढरा शंकू ही त्याची खूण. तो व्हिडिओलॅनच्या स्वतःच्या संकेतस्थळावरूनच उतरवून घ्यावा. त्यातील 'व्हिडिओ' या यादीत 'डीइंटरलेस' आहे, ते 'ऑन' करावे, आणि त्याखालच्या 'डीइंटरलेस मोड'मध्ये 'यॅडिफ २ एक्स' निवडावे. 'ब्लेंड' हा पर्याय दोन्ही अर्धी एकमेकांत मिसळतो. रेघा जातात, पण हलणाऱ्या माणसामागे त्याची सावली लागल्यासारखी दिसते. 'डिस्कार्ड' तर अर्ध्या ओळी टाकूनच देतो. 'यॅडिफ २ एक्स' गाळलेल्या ओळी आजूबाजूच्या आणि मागच्या-पुढच्या चित्रांवरून भरून काढतो आणि सेकंदाला ५० चित्रे दाखवितो, म्हणून हालचालही पूर्वीच्या टीव्हीइतकी सहज वाटते.

एवढे एक बटण दाबल्यावर अक्का पुढे सरकून बसली.

माणसे पसरट दिसण्याचे कारण वेगळे. ते चित्रण ४ बाय ३ या प्रमाणाचे, आणि आजचा पडदा १६ बाय ९ चा. नातवाने पडदा भरून दिसावा म्हणून चित्र ताणले होते. पडद्याच्या दोन्ही कडांना काळे पट्टे राहतात हे त्याला खपत नव्हते. १९२० बाय १०८० च्या पडद्यावर अशा चित्राने १४४० बिंदूंचीच रुंदी व्यापावयाची असते. प्रत्येक बाजूस २४० बिंदू काळे राहणारच. व्हीएलसीमध्ये 'अॅस्पेक्ट रेशो' हा पर्याय 'डिफॉल्ट' ठेवला की तबकडीवर नोंदलेले प्रमाण आपोआप लागू होते. मग वऱ्हाडी मंडळी आपापल्या अंगकाठीत आली. मामा म्हणून भाचीला बोहल्याकडे नेणारा मीही त्यात होतो, आणि मी तेव्हा बराच सडपातळ होतो हे घरच्यांना पुराव्यानिशी दाखविता आले.

आता थोडा हिशेब, कारण तो केल्यावाचून अपेक्षा कोठे थांबवावी हे कळत नाही. ७२० गुणिले ५७६ म्हणजे ४,१४,७२० बिंदू. फुल एचडी पडद्यावर २०,७३,६०० बिंदू असतात, बरोबर पाचपट. फोर-के टीव्हीवर वीसपट. म्हणजे खात्यात एक रुपया असताना पाच रुपयांचे बिल भागवावयाचे, आणि उरलेले चार रुपये प्लेअरने अंदाजाने आणावयाचे. शिवाय जो एक रुपया आहे तोही खणखणीत आहे असे नाही. साध्या तबकडीत ४.७ गिगाबाइट मावतात, म्हणजे सुमारे ३,७६० कोटी बिट. दोन तासांच्या चित्रणास ते वाटले तर सेकंदाला ५२ लाख बिट वाट्याला येतात. आमच्या छायाचित्रकाराने हळदीपासून पाठवणीपर्यंतचे चार तास एकाच तबकडीत कोंबले होते. तेव्हा सेकंदाला २६ लाख. स्थिर चेहऱ्यास तेवढे पुरतात. परंतु मंगलाष्टकांच्या शेवटी शेदोनशे हातांनी अक्षता उधळल्या की प्रत्येक दाण्याचा हिशेब ठेवणे त्यात बसत नाही, आणि चित्राचे लहान लहान चौकोन पडतात. ते तबकडी भरतानाच पडलेले आहेत. आता कोणत्याही बटणाने जाणार नाहीत. बाजारात एका तबकडीत तीन चित्रपट मिळत, ते धुरकट का दिसत, याचेही उत्तर यातच आहे.

मूळ कॅसेट मिळाली असती तर गोष्ट निराळी होती. त्या काळच्या मिनी डीव्ही कॅसेटवर सेकंदाला सुमारे अडीच कोटी बिट इतके चित्र नोंदले जाई, म्हणजे या तबकडीच्या जवळजवळ दसपट. मी छायाचित्रकाराकडे चौकशी केली. धंदा आता त्यांचा मुलगा पाहतो. त्याने नम्रपणे सांगितले की, काम पोचते झाले की त्याच कॅसेटवर पुढच्या लग्नाचे चित्रण होत असे. तेव्हा आमच्याजवळ आहे ती एकमेव प्रत.

रंगांकडे वळलो. दाजींचा काळा कोट लॅपटॉपवर राखेच्या रंगाचा दिसत होता. चित्रफितींमध्ये काळ्या रंगाचा अंक १६ आणि पांढऱ्याचा २३५ धरतात. संगणक मात्र ० ते २५५ असा मोजतो. मधले रूपांतर झाले नाही तर काळे राखाडी आणि पांढरे मळकट दिसते. ग्राफिक्स कार्डाच्या नियंत्रण फलकात व्हिडिओच्या विभागात 'लिमिटेड' आणि 'फुल' असे दोन पर्याय असतात. ते बदलून, एखादा काळा कपडा आणि एखादे पांढरे धोतर समोर ठेवून पाहावे. कोट काळा झाला पाहिजे, पण त्याच्या घड्या दिसल्या पाहिजेत. घड्याही बुडाल्या तर रूपांतर दोनदा होत आहे असे समजावे. तसेच लॅपटॉपच्या स्वस्त पडद्यावर मान खालीवर केली तरी रंग बदलतात, म्हणून पडदा डोळ्यांसमोर सरळ धरल्यावाचून रंगांना हात लावू नये.

तीक्ष्णता वाढविण्याचा मोह आवरावा. 'शार्पनेस' वाढविली की प्रथम बरे वाटते, मग चेहऱ्याभोवती पांढरी कड उमटते आणि ते चौकोन अधिकच उठून दिसतात. टीव्हीला जोडून पाहणार असाल तर टीव्हीवरची तीक्ष्णता उलट कमी करावी, आणि दुकानात उठून दिसण्यासाठी केलेला तो भडक 'व्हिविड' प्रकार सोडून 'मूव्ही' किंवा 'सिनेमा' निवडावा. सर्वांत स्वस्त उपाय तर सुचतही नाही: लांब बसावे. एकवीस इंची टीव्ही आपण आठ फुटांवरून पाहत होतो. आता लॅपटॉपच्या पडद्याला दीड फुटावर नाक लावतो आणि चित्र फुटके दिसते म्हणून तक्रार करतो.

येथवर सुरळीत चालले. तिसऱ्या दिवशी भाच्याचा निरोप आला. तो पुण्यास संगणकाच्या क्षेत्रात आहे. नातवाकडून त्याने एक लहानसा तुकडा मागवून घेतला होता आणि तो कृत्रिम बुद्धिमत्तेच्या एका सॉफ्टवेअरमधून काढून फोर-के करून पाठविला होता. तुकडा उघडला. मंडपाचे झालर-तोरण नव्यासारखे झाले होते. फुले स्पष्ट, साड्यांचे काठ स्पष्ट. दाजींचा चेहराही स्पष्ट होता, जाहिरातीतल्या माणसासारखा गुळगुळीत. लहानपणी विहिरीच्या काठावर पडून डाव्या भुवईवर झालेला त्यांचा व्रण नाहीसा झाला होता, आणि हसताना एका बाजूस किंचित वाकडे होणारे ओठ सरळ झाले होते.

अक्काने चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला. म्हणाली, "मंडप आपलाच आहे. पण हे कोण?"

मी भाच्यास दोष देत नाही. त्याने वडिलांसाठीच रात्र जागविली होती. परंतु त्या सॉफ्टवेअरचे काम कसे चालते ते ध्यानात घ्यावे. दूरच्या दृश्यात चेहऱ्याच्या वाट्याला चाळीस बाय पन्नास, म्हणजे दोनएक हजार बिंदू येतात. उरलेला तपशील कोठून आणावयाचा? सॉफ्टवेअरने आधी पुष्कळ चेहरे पाहिलेले असतात. त्यावरून असा चेहरा बहुधा कसा असेल ते ते भरते. तोरणाला ते चालते. बँकेत सह्या पडताळताना असे प्रसंग येत. धनादेशावरची सही नमुन्याहून सुबक असे, वळणे देखणी असत, पण ती खातेदाराची नसे. मी तो तुकडा पुसून टाकला नाही. भाच्याच्या संगणकावर असू द्यावा. अक्कासाठी मात्र मूळ चित्रच ठेवावयाचे, असे आम्ही तिघांनी दूरध्वनीवर ठरविले.

मग राहिले ते प्रत काढण्याचे काम, आणि तेथेच गाडी अडली. वास्तविक ते सोपे असते. घरगुती तबकडीला कुलूप नसते. तीत 'व्हिडिओ टीएस' नावाची एक घडी असते. ती संपूर्ण उचलून संगणकावर ठेवावी, आणि व्हीएलसीतून ती घडी उघडावी, की तबकडी लावल्यासारखीच चित्रफीत चालते. जुन्या कॅसेटची प्रत काढली की ती मुळाहून फिकी होई; येथे तसे होत नाही, प्रत आणि मूळ अंकाअंकाने सारखी असतात. प्रत काढल्याने चित्र अधिक सुंदर होत नाही, पण ड्राइव्हची घरघर आणि मध्येच अडखळणे थांबते. (बाजारातील चित्रपटांच्या तबकड्या कुलूपबंद असतात आणि त्यांचे हक्क दुसऱ्याचे असतात, त्यांच्याविषयी मी लिहीत नाही. परदेशातील मुलांनी पाठविलेल्या तबकडीविषयी एवढेच सांगतो की, भारताचा विभाग ५ आहे, अमेरिकेचा १, आणि संगणकाच्या ड्राइव्हचा विभाग पाचदाच बदलता येतो. तेव्हा उगाच बदलत बसू नये.)

आमची तबकडी सुमारे पावणेचार तासांपर्यंत सुरळीत उतरली आणि शेवटच्या फाइलवर थांबली. डीव्हीडी आतून बाहेर वाचली जाते. पूर्ण भरलेल्या तबकडीत हळद आतल्या बाजूस आणि पाठवणी अगदी कडेला. आणि आपण तबकडी धरतो ती कडेनेच. वीस वर्षांची बोटे त्या पाठवणीवर उमटली होती. अक्काला यातले मी काही बोललो नाही.

कोमट पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून मऊ कापडाने ती पुसली. पुसताना मध्यापासून कडेकडे सरळ पुसावे; गोल फिरवून कधीही पुसू नये, कारण गोल पडलेला ओरखडा नोंदीच्या ओळीबरोबर धावतो आणि एका जागची पुष्कळ माहिती खातो. सावलीत वाळविली. पुन्हा लावली, थोडी पुढे सरकली आणि पुन्हा थांबली. शेजाऱ्यांचा जुना मोठा संगणक मागून आणला. एका ड्राइव्हला न वाचता येणारी तबकडी दुसऱ्याला वाचता येते, हा अनुभव मला कार्यालयातही आला होता. त्या ड्राइव्हने आणखी पाच मिनिटे दिली. अखेरीस भाचाच शनिवारी रात्रीच्या गाडीने आला. त्याने लिनक्सवर डीडीरेस्क्यू नावाचा प्रोग्राम चालविला. तो आधी वाचता येईल तेवढे सर्व उचलून घेतो, आणि मग अडलेल्या जागा सोडून न देता पुन्हा पुन्हा वाचून पाहतो. रात्रभर ते चालले. सकाळी सहाला न वाचलेला भाग उरला होता तो काही किलोबाइटांचा. चित्रात तो कोठे आहे हे आम्हांला शोधूनही सापडले नाही.

आता एक प्रत माझ्या संगणकावर, एक भाच्याकडे पुण्यात आणि एक वेगळ्या हार्ड डिस्कवर अक्काच्या कपाटात. मोबाइलसाठी हँडब्रेक या विनामूल्य प्रोग्रामने एमपी-४ बनविली; तीत रेघा काढण्याची सोय आधी लावून घेतली. ती केवळ पाहण्यासाठी, मुळाच्या जागी ठेवण्यासाठी नव्हे. व्हॉट्सअॅपवर पाठविताना व्हिडिओ म्हणून न पाठविता डॉक्युमेंट म्हणून पाठवावी, नाहीतर वाटेत ती आणखी आक्रसते.

रविवारी संध्याकाळी लॅपटॉप एचडीएमआय तारेने टीव्हीला जोडला. अक्काला आठ फुटांवर आरामखुर्चीत बसविले. पाठवणीचे दृश्य आले. गाडीचे दार उघडे, भाची रडत असलेली, आणि दाजी तिचा पदर दारात अडकू नये म्हणून आत सारीत म्हणत होते, "पोचलीस की फोन कर." भुवईवरचा व्रण दिसत होता. एवढ्यात त्यांचे लक्ष कॅमेऱ्याकडे गेले. त्यांनी हात वर केला आणि छायाचित्रकारास म्हणाले, "बास झालं आता, बंद करा ते."

तेथे चित्रफीत संपते. भाचा खिडकीपाशी जाऊन उभा राहिला. अक्का म्हणाली, "जरा मागे घे रे."

नामनिर्देशनाविषयी पुढील अंकी.